विषय : संगणक न बदलणेबाबत

माझ्या दुकानात येणारा दर दुसरा माणूस सीपीयू टेबलावर ठेवायच्या आधीच विचारतो, "लई स्लो झालाय हो, नवाच घेऊन टाकू का?" माझं डोकं तिथंच सटकतं. मी म्हणतो, "घ्या की. विकायलाच बसलोय मी. पण अडलंय कुठं, ते तर बघू द्या आधी."

क्रांती चौकाकडनं आत वळलं की एका मेडिकलला लागून माझा गाळा आहे. वीस-बावीस वर्षं झाली, मशीन उघडायचं, धूळ उडवायची, जुनं काढून नवं बसवायचं. राग माझ्या नाकावर असतो हे गिऱ्हाइकांना माहीत आहे. तरी येतात, कारण नको असलेला पार्ट मी कुणाच्या गळ्यात मारत नाही. चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपवाल्यानं दुसरीकडनं महागडा प्रोसेसर बसवून घेतला होता आणि मशीन होतं तिथंच होतं. उघडून बघतो तर रॅम एवढीशी. मी म्हणलं, "शेठ, दुखणं म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला दिलं की तुम्ही." तो हसत सुटला. तेव्हापासून ही म्हण माझ्या दुकानाची पाटीच झाली म्हणा.

लोकांना मी स्वयंपाकघराचं उदाहरण देतो. हार्डडिस्क म्हणजे फडताळ, सगळं सामान तिथं. रॅम म्हणजे ओटा, हाताशी लागेल तेवढं त्याच्यावर. प्रोसेसर म्हणजे रांधणारी बाई. ओटा वीतभर असेल तर बाई कितीही चपळ आणा, तिचा निम्मा वेळ डबे वरखाली करण्यात जाणार. म्हणून आधी बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की एक खिडकी उघडते. त्यात तिघांचे आलेख असतात, कोण किती टक्के कामात आहे त्याचे. जो शंभराला टेकलाय तो बदला, बाकीच्यांना हात लावू नका. आणि तिघंही निवांत बसलेले दिसले तर मशीन पिशवीत घाला आणि घरी जा, दोष त्याच्यात नाही. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगेन. घरी तेवढं सांगायचं राहिलं.

घरी अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि टंकलेखक म्हणूनच निवृत्त झाले. त्यांची परीक्षा होती 'मराठी चाळीस', म्हणजे मिनिटाला चाळीस शब्द. प्रत्यक्षात ते त्याच्याही पुढं जायचे. लोक आपली जमीन किती एकर ते सांगतात ना, तसं आमच्या घरात चाळीस सांगितलं जायचं. माझ्या लग्नाच्या बोलणीत आईनं सोयऱ्यांना मुलाचं दुकान सांगायच्या आधी सासऱ्याचा स्पीड सांगितला होता. बायको अजून त्यावरनं मला चिडवते.

अण्णांचं एक आवडतं वाक्य होतं. "टायपिस्ट कधी चुकत नसतो. मशीन अडतं." टाइपरायटरच्या काळात ते खरंच होतं म्हणे. रिबन वाळायची, दांड्या एकमेकींत अडकायच्या, रोलर घसरायचा. काम बिघडलं की मेकॅनिकला चिठ्ठी जायची, टायपिस्टला कुणी बोलायचं नाही. मला लहानपणी ताप आला तरी अण्णा म्हणायचे, "सर्व्हिसिंगला आलंय पोरगं."

निवृत्तीनंतर मी त्यांना एक कॉम्प्युटर जुळवून दिला. आमच्या सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आठवड्यात तो त्यांचा झाला. काही शब्द त्यांनी आपले आपण ठेवले. डेस्कटॉपला ते 'टेबल' म्हणायचे. कचेरीत साहेबाच्या टेबलावर कागद ठेवतात, साहेब खुर्चीत बसला की तो कागद त्याला आधी दिसतो. "महत्त्वाचं असंल ते टेबलावर, बाकीचं कपाटात," अशी त्यांची वाटणी होती. कपाट म्हणजे डॉक्युमेंटचं फोल्डर.

हळूहळू कॉलनीतले लोक अर्ज घेऊन यायला लागले. कुणाच्या गल्लीतला दिवा बंद, कुणाच्या मीटरवर अजून आजोबांचंच नाव, कुणाकडं पाण्याच्या दिवशीही नळाला नुसती हवा. माणूस समोरच्या खुर्चीत बसायचा आणि आपलं गाऱ्हाणं सांगायचा. अण्णा त्याच्याकडं बघत ऐकायचे आणि खाली बोटं चाललेली असायची. त्याचं बोलणं संपायचं तेव्हा प्रिंटरमधनं कागद बाहेर येत असायचा. 'सविनय सादर करण्यात येते की' पासनं 'आपला विश्वासू' पर्यंत, एक काना चुकलेला नाही. लोक कागदाकडं बघत राहायचे. पैसे घ्यायचे नाहीत, उलट चहा आमचाच.

दोन गोष्टींत मात्र ते फार कडक. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती. एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर पोच घेऊन यायची, 'मिळाला' असं लिहून खाली सही आणि तारीख. माणूस परत भेटला की पहिला प्रश्न, "पोच आणली का?" नसंल आणली तर म्हणायचे, "मग तू अर्ज दिलाच नाही, असं समज." आणि दुसरी गोष्ट तारखेची. नोकरीत असताना एका साहेबानं त्यांना मागची तारीख टाकून एक पत्र टाइप करायला सांगितलं होतं. अण्णांनी मशीनवरनं हात काढून घेतले. त्यांची बदली तालुक्याला झाली, दोन वर्षं रोज एसटीनं जाऊन-येऊन केलं. पण मागची तारीख टाकली नाही. हा किस्सा ते कधी स्वतः सांगायचे नाहीत, आई सांगायची.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की या माणसाचं सगळं मोठेपण त्या दहा बोटांत होतं. ती थांबली असती तर ते चार चौघांसारखे खुर्चीत बसून राहणारे म्हातारे झाले असते, आणि ते त्यांना सोसलं नसतं. हे आम्हाला घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना तर होतंच. म्हणून त्यांनी पहिल्यांदा "हे मशीन स्लो व्हायला लागलंय रे" असं म्हणलं, तेव्हा मी दुकानातली कामं टाकून घरी पळालो.

आणि मी रॅम वाढवली. तीन बटणं दाबून बघितलं का? नाही बघितलं. अण्णा म्हणतायत मशीन स्लो आहे, म्हणजे आहे. शिवाय खरं सांगायचं तर मला द्यायची हौस होती. पोराचं हार्डवेअरचं दुकान आणि बाप जुन्या रॅमवर काम करतोय, हे मला बोचायचं. रॅम टाकून झाल्यावर मी विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणले, "बरं वाटतंय आता." पुढं महिनाभर ते काही बोलले नाहीत.

त्याच सुमाराला शहराचं नाव बदललं होतं. एकदा एक अर्ज करायला त्यांना बराच वेळ लागला, तेव्हा समोरच्या माणसाला म्हणले, "पत्त्यात औरंगाबाद होतं तेव्हा पटकन व्हायचं. आता छत्रपती संभाजीनगर, अक्षरं वाढली नाय का?" तो माणूस हसला, मीही हसलो. अण्णा हसले नाहीत, हे मला आज आठवतं.

मग म्हणले, की-बोर्ड जड झालाय. मी मऊ बटणांचा आणला. दोन महिन्यांनी म्हणले, "की दाबली की उशिरा उठतीय." मी दुसरा आणला, त्याहून भारी. बाकीही काही काही चाललं होतं, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि ज्याचं त्यानं आपापल्या परीनं निस्तरलं. त्यांचं अक्षर बारीक होत चाललं, मुंगीएवढं. मी म्हणलं, नंबर वाढला असंल, आणि चष्मा बदलून आणला. फोनवर आवाज खोल गेल्यासारखा यायचा. बायको म्हणाली, अण्णांचा फोन खराब झालाय, आणि नवा फोन आला. चालताना उजवी चप्पल फरशीवर घासायची. आई करवादायची, "पाय उचलून चाला की," आणि मग तिनंच बाजारातनं हलक्या चपला आणल्या. वर्ष-दीड वर्षात आमच्या घरानं चष्मा बदलला, फोन बदलला, चपला बदलल्या, की-बोर्ड दोनदा बदलला. अण्णा आहेत तसेच आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतर एसएसडी. अण्णा परत म्हणले की अजून अडतंय, आणि मी ठरवलं की आता एकदाच काय ते करून टाकू. फिरती हार्डडिस्क काढायची, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची झटपट डिस्क, बसवायची, विंडोज नवं कोरं टाकायचं. दुकानात हे काम करताना मी गिऱ्हाइकाला समोर बसवतो, कागद देतो आणि म्हणतो, काय काय जपायचं ते लिहा, मागनं माझ्या नावानं बोंब मारू नका. त्या दिवशी घरी पाण्याचा दिवस होता, टाकी भरायची होती, दुकानातनं फोन येत होते. मी अण्णांना काही विचारलं नाही. कपाट उचललं, म्हणजे ते डॉक्युमेंटचं फोल्डर, नव्या डिस्कवर टाकलं, आणि जुनी डिस्क काढून तिच्यावर 'अण्णा' अशी चिठ्ठी चिकटवून पिशवीत टाकली.

मशीन दहा सेकंदांत उघडलं. बायको म्हणाली, "अगंबाई, लाइटच्या बटणासारखं झालं की." पूर्वी अण्णा बटण दाबून देवघरात जायचे, निरांजन लावून येईपर्यंत मशीन तयार व्हायचं. आता त्यांनी बटण दाबलं, दोन पावलं टाकली आणि मागं वळून बघितलं तर ते उघडून बसलेलं. ते परत येऊन खुर्चीत बसले, स्क्रीनकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणले, "टेबलावर एक अर्ज होता."

"टेबलावरचं मी घेतलंच नाय बघा. कुणाचा होता?"

"होता एकाचा."

"लई अर्जंट होता का? जुनी डिस्क आहे माझ्याकडं, काढून देतो."

"राहू दे. अर्जदार काय तगादा लावणारा नाय."

मी पाण्याची मोटर बंद करायला पळालो. ती डिस्क दुकानातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये गेली. उद्या बघू म्हणलं, आणि त्या उद्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

दोन-तीन महिने गेले असतील. एक दिवस दुपारी अण्णांनी दुकानात फोन केला, जे ते कधी करत नसत. म्हणले, "येऊन जातो का? लई अडतंय." घरी आलो तर पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. आईनं आत बोलावून हळूच सांगितलं. चितेगावच्या कंपनीत कामाला जाणारा शेजारचा एक जण अर्ज करायला आला होता. त्याचं सगळं सांगून झालं, चहा पिऊन झाला, तरी अण्णा अजून 'प्रति' च्या खालीच होते. तो भला माणूस, शेवटी म्हणाला, "काका, राहू द्या, मी मोबाइलवरनं करतो." आणि उठून गेला. आजवर अर्जाशिवाय कुणी त्या खुर्चीतनं उठलं नव्हतं.

मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येणार नाही. त्या माणसाचा आला, मशीनचा आला, माझ्या हातनं एवढं करूनही ते दुरुस्त होत नाही याचा आला. डोक्यात चालू होतं की आता मदरबोर्डासकट सगळंच बदलायचं, नवंच जुळवायचं. मी अण्णांना म्हणलं, "बसा. टाइप करा. मी बघतो आता काय अडतंय ते." आणि पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी घरच्या मशीनवर ती तीन बटणं दाबली.

तिन्ही आलेख तळाशी होते. प्रोसेसर दोन टक्के. रॅम पाऊण मोकळी. डिस्क शून्य.

"बघा," मी म्हणलं. दुकानात बोलतो त्याच आवाजात म्हणलं. "बघा अण्णा, मशीनला काय धाड भरली नाय. रिकामं बसलंय ते. तुमची वाट बघतंय."

आणि मग मी स्क्रीनवरनं खाली बघितलं. त्यांच्या उजव्या हाताचं बोट 'र' च्या वर होतं. खाली यायचं होतं त्याला, ते दिसत होतं, पण येत नव्हतं. बारीक थरथर होती. मी बघत राहिलो. शेवटी बोट खाली आलं आणि तिथंच राहिलं, स्क्रीनवर एका 'र' चे पाच 'र' झाले. अण्णांनी दोन्ही हात की-बोर्डवरनं काढून मांडीवर घेतले आणि डाव्या हातानं उजवा धरून ठेवला. अगदी बारीक आवाजात म्हणले, "बरोबर आहे तुझं."

माझ्या जिभेला हाड नाही, हे आई लहानपणापासनं सांगत आलीय. त्या दिवशीएवढं ते कधी लागलं नाही. मी तिथंच खाली फरशीवर बसलो आणि त्यांचा हात माझ्या हातात घेतला. तो लाकडासारखा ताठ होता. इतक्या जवळनं मी तो कधी बघितलाच नव्हता.

जालना रोडवरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अण्णांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगितली. चाळीस शब्दांचा माणूस, चार वेळा आपटून बोटं थांबली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासनं आहे?" मी म्हणलं, "रॅम टाकली तेव्हापासनं." डॉक्टरांनी आईकडं वळून परत तेच विचारलं. आई म्हणाली, "दोन वर्षं होत आली असतील." मग ती आमच्याकडं न बघता म्हणाली, "मला वाटलं, वयानं असंल."

पार्किन्सन आहे, डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर बरं झालं असतं का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ते म्हणाले, "आजार थांबला नसता. तो त्याच्या चालीनंच जातो. पण गोळ्यांनी हात चालला असता. ही दोन वर्षं बरी गेली असती." साधंच बोलले ते, कुठंही दोष दिला नाही. पण ते वाक्य तेव्हापासनं माझ्या छातीवर बसलंय. दुसऱ्याच्या म्हशी-पखाली दाखवत फिरणारा मी, आणि माझ्याच घरात दोन वर्षं पखालीला इंजेक्शनं देत होतो.

गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतल्यावर तासाभरानं हात थोडा मोकळा व्हायचा, तेवढ्यात टाइप करायचं. मी मशीनच्या सेटिंगमध्ये गेलो. बटण दाबून धरलं तरी एकच अक्षर यावं, चुकून बोट लागलं तर ते धरू नये, डबल क्लिकला लागेल तेवढा वेळ द्यावा, सगळे काटे उलट्या बाजूला ओढले. उभ्या आयुष्यात मी मशीनं फास्ट केली. हे एकच मशीन मी मुद्दाम स्लो केलं. अण्णांनी एक ओळ टाइप केली, बिनचूक आली. ते म्हणले, "आता बरोबर झालं बघ." तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

तसं वर्ष निघालं. चार ओळींच्या दोन झाल्या, दोनाची एक. लोक यायचे कमी झाले, मग थांबले. आले तरी बसून, पेपर वाचून, तब्येत विचारून जायचे, अर्जाचं नाव काढायचे नाहीत, आणि ते अण्णांना कळायचं. आता ते टाइप करत नाहीत. आवाज इतका खाली गेलाय की कान तोंडाजवळ न्यावा लागतो. सकाळी मात्र खिडकीपाशी बसवा म्हणून खूण करतात. मी मशीन चालू करून देतो. उघडतं दहा सेकंदांत.

गेल्या महिन्यात दुकानात एकाला जुन्या, स्वस्तातल्या हार्डडिस्कची गरज होती. मी खालचा ड्रॉवर उपसला. चिठ्ठी चिकटवलेली ती डिस्क हाताला आली. पुसायच्या आधी एकदा जोडून बघायची, हा माझा नियम. जोडली. टेबल उघडलं.

टेबलावर एकच फाइल होती. नाव होतं, 'अर्ज स्वतःचा'.

प्रति,
चिरंजीव (संगणक विभाग),
स्वगृही.

विषय : संगणक न बदलणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराच्या संगणकात आपण यापूर्वी रॅम वाढविलेली असून की-बोर्डही दोन वेळा बदलून दिलेला आहे. त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. तथापि संगणकात दोष नसावा, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. मनात आलेले अक्षर अर्जदाराच्या उजव्या हाताची बोटे वेळेवर दाबत नाहीत. सबब संगणकावर यापुढे खर्च करू नये व अर्जदारास सवडीने एखाद्या डॉक्टरांकडे न्यावे, ही विनंती.
सदर बाब समक्ष सांगणे अर्जदारास जमलेले नाही. क्षमा असावी.

आपला विश्वासू,
अर्जदार.

खाली तारीख होती. मी एसएसडी टाकली त्याच्या तीन आठवडे आधीची.

एक काना चुकला नव्हता, एक वेलांटी चुकली नव्हती. फाइलवर उजवं क्लिक करून तिची माहिती बघायची खोड मला आहे. ती फाइल एकूण किती वेळ लिहिली गेली, ते तिथं दिसतं. अकरा तास. पंधरा-सोळा ओळींना अकरा तास. रोज थोडं थोडं, आम्ही कुणी आसपास नसताना केलं असणार. आणि लिहून झाल्यावर त्यांनी तो अर्ज टेबलावर ठेवला, मी मशीनपुढं बसलो की मला आधी दिसावा म्हणून. 'अजून अडतंय' म्हणले, तेही मला तिथं बसवायलाच असणार. मी बसलो, आणि न बघता टेबलच उचलून नेलं. समोरचं गिऱ्हाईक म्हणत होतं, "काय झालं हो?" मी त्याला उद्या या म्हणलं.

दोन प्रती काढल्या आणि घरी गेलो. अण्णा खिडकीपाशी होते. मी एक प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती वाचली, सगळी वाचली, विषयापासनं विश्वासूपर्यंत. त्यांचा चेहरा आता हलत नाही, आजारानं तसं होतं, त्यामुळं काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. पण डोळे वर आले आणि माझ्या हातातल्या दुसऱ्या प्रतीवर थांबले.

मी पेन काढलं. दुसऱ्या प्रतीवर कोपऱ्यात 'मिळाला' असं लिहिलं, खाली सही केली. तारखेपाशी हात थांबला. त्यांनी टाइप केलेली तारीख समोरच होती. तीच टाकावी असं मला फार वाटलं, म्हणजे निदान कागदावर तरी तो अर्ज मला वेळेवर मिळाला असता. पेन टेकवलंही होतं. अण्णांचे ओठ हलले. मी कान तोंडाशी नेला.

"आजचीच टाक," ते म्हणले. "मागची टाकायची नाय."

मी आजची टाकली. कागदाची घडी करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मीच ठेवली, त्यांचा हात आता तिथवर पोचत नाही.